खाऱ्या पाण्याचं गोल्फ

माणसाचं चारित्र्य समुद्रकाठच्या वाऱ्यात कळतं, असं नानांचं ठाम मत होतं. बंद खोलीत सगळेच सज्जन असतात. उघड्या माळावर, खाऱ्या वाऱ्यात, हातात गोल्फचा क्लब घेऊन उभं राहिलं की माणूस जसा असेल तसा बाहेर पडतो, असं ते म्हणत. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही कॅनडातल्या व्हिटबीत त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये बर्फ शोव्हल करत होतो. तिथून समुद्र गाडीने दोन दिवसांवर होता.

मी २००१ साली पुण्याहून आलो आणि नाना-काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहू लागलो. नाना मला नावाने हाक मारत नसत. जिन्याच्या वरून "काय बेसमेंट, जागा झालास का?" असं ओरडत आणि चार लोकांत ओळख करून देतानाही "हा आमचा बेसमेंट" असंच सांगत. ते स्वतः एकोणसत्तर साली आलेले. गुहागरजवळच्या एका गावचे. सिव्हिल इंजिनिअर; सगळी नोकरी शहराखालून जाणाऱ्या सांडपाण्याच्या नळांची आखणी करण्यात गेली. जमिनीचा उतार हा त्यांचा धंदाच होता. गोल्फच्या मैदानावर बॉल शेवटी ज्या कापलेल्या हिरवळीवरून खड्ड्यात ढकलायचा असतो तिचा उतार ते चष्मा न लावता अचूक सांगत. त्यांना तो कळायचा. बॉलला कळायचा नाही.

रोज सकाळी वर्तमानपत्र उचलायला बाहेर आले की नाना आधी लॉनवरचं चिमूटभर गवत उपटायचे, खांद्याच्या उंचीवर धरून सोडायचे आणि ते कुठे जातं ते बघायचे. मग आत येऊन जाहीर करायचे, "वायव्य. पंधरा." पंधरा म्हणजे काय हे काकूंनी चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं. हिवाळ्यात गवत नसायचं, तेव्हा ते किचनमधल्या पेपर टॉवेलचा तुकडा फाडून न्यायचे. त्यामुळे शेजारच्या कॅनेडियन बाईंचा कित्येक वर्षं असा समज होता की हा हिंदूंचा काहीतरी सकाळचा विधी आहे. एकदा तिने अदबीने विचारलंही. नानांनी तो समज खोडला नाही. "विधीच आहे," ते मला म्हणाले. "देव फक्त वेगळा."

लिंक्स म्हणजे काय, हे व्हिटबीतल्या प्रत्येक मराठी माणसाला नानांमुळे ठाऊक होतं, त्याची इच्छा असो वा नसो. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूची, खुरट्या गवताची, चढउतारांची जी पट्टी असते, जिथे काही पिकत नाही आणि जिचं काय करावं हे कुणाला सुचत नाही, ती लिंक्स. स्कॉटलंडमध्ये लोक तिथे मेंढ्या चारत. वाऱ्यापासून लपायला मेंढ्यांनी जे खळगे केले ते बंकर झाले, सशांनी जे गवत कुरतडून बारीक केलं ती हिरवळ झाली, आणि काही शतकांपूर्वी कुण्या रिकामटेकड्याने काठीने खडा टोलवला. "ते मैदान माणसाने केलेलं नाही," नाना म्हणायचे. "वारा, मेंढी आणि आळस यांनी केलंय. म्हणून टिकलं." झाडं लावून आणि तळी खणून केलेल्या बाकी सगळ्या मैदानांना ते 'बागेतलं गोल्फ' म्हणत. म्हणताना तोंड असं करत की जणू चहात कुणीतरी वेलदोड्याऐवजी व्हॅनिला घातलाय.

या विषयावर त्यांचा स्वतःचा एक सिद्धांत होता. "आमच्या गावालाही तीच पट्टी आहे. पुळण म्हणतो आम्ही. तीच वाळू, तसंच गवत, वारा तर काय विचारू नकोस."

"मग नाना, गोल्फ कोकणात का नाही निघालं?"

"नारळ!" ते विजयी मुद्रेने म्हणाले. "आमच्या लोकांनी पुळणीच्या कडेपर्यंत नारळ लावले. उत्पन्न सुरू झालं. उत्पन्न सुरू झालं की खेळ बंद पडतो. स्कॉटिश लोकांना नारळ येत नव्हता. बिचाऱ्यांना काहीतरी करणं भागच होतं."

काकू साताऱ्याच्या. कोकणाबद्दल त्यांचं मत लग्नाच्या दिवशी बनलं होतं आणि ते बदलायचं कारण त्यांना दिसलं नव्हतं. "निघालं असतं तरी चाललं नसतं," त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "पहिलाच बॉल भाऊबंदांच्या हद्दीत पडला असता. मग बसा कोर्टात चाळीस वर्षं."

प्रत्यक्षात नाना खेळायचे ते हायवेच्या कडेच्या म्युनिसिपल मैदानावर. तिथे बारा महिने ट्रकांचा आवाज आणि उन्हाळ्यात बदकांची घाण. लेक ऑन्टॅरिओ तिथून दिसायचा, पण नाना त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. "गोडं पाणी," ते म्हणायचे. "गोड्या पाण्याला भरती-ओहोटी नसते. म्हणजे शिस्त नसते." तलावाला हा आरोप नवा असावा. खेळाडू म्हणून नाना वाईट होते. मी हे प्रेमाने लिहितोय, पण वाईट म्हणजे वाईट. वाळूचा बंकर दिसला की त्यांचा बॉल तिकडे असा जायचा जसा माहेरवाशिणीचा पाय माहेराकडे वळतो. तिथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना पाठीमागे बंकरनाना म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागले, आणि नानांनी ते पदवीसारखं स्वीकारलं.

गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं; पण वाईट खेळूनही नाना कधी एक फटका कमी लिहीत नसत, आणि हीच खरी अडचण होती. बॉल जिथे पडला तिथून खेळायचा, हा त्यांचा एकमेव धर्म. मुळाशी अडकला, चिखलात रुतला, बदकाने त्यावर जे काय करायचं ते केलं, तरी तिथूनच. अशा वेळी एक फटका दंड घेऊन बॉल उचलायची सूट नियमात आहे, हे मी वाचून काढलं आणि त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "सूट आहे. घेतलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय?" मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला गोल्फ असायचं. तिथे एक दंतवैद्य होते, सात फटके मारून कार्डावर चार लिहिणारे. नाना त्यांच्यामागे उभे राहून मोठ्याने मराठीत मोजायचे. "पाच... सहा... डॉक्टर, पाण्यात गेलेला धरलात ना?" डॉक्टर हसून म्हणायचे, "नाना, फनसाठी खेळतोय आपण." नाना गंभीरपणे म्हणायचे, "हो ना. मग सात लिहिताना मजा का जाते?" दोन-तीन उन्हाळ्यांत नानांबरोबर खेळायला कुणी उरलं नाही. तेव्हा त्यांनी मला धरलं. मला गोल्फमधलं काही कळत नव्हतं, त्यामुळे मला खोटं लिहिताही येत नव्हतं.

त्याआधी मात्र त्यांचा धर्म माझ्या अंगावर आला होता. ज्या नोकरीसाठी मी आलो ती चार महिन्यांत गेली. त्या वर्षी सॉफ्टवेअरमधल्या बऱ्याच जणांची गेली. मी वर जाऊन सांगितलं. काकूंनी माझ्यापुढे गरम वरणभात ठेवला. नानांनी विचारलं, "बॉल कुठे पडलाय?"

"म्हणजे?"

"अरे, आत्ता हातात काय आहे?"

"ओशावात एका फर्निचरच्या गोदामात ट्रक उतरवायचं काम मिळतंय. पण नाना, मी इंजिनिअर आहे."

"असशील. तिथून मार. बॉल उचलून पुण्याला नेऊन ठेवू नकोस."

मी आठ महिने सोफे उतरवले. मग मला पुन्हा नोकरी लागली. सल्ला योग्य होता की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाठ मात्र तेव्हापासून दुखते.

मी ज्या बेसमेंटमध्ये राहायचो तिथे घर तापवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी स्कॉटलंडमधल्या एका पुरातन लिंक्सचा फ्रेम केलेला नकाशा होता. अठराही होल, म्हणजे बॉल घालायचे खड्डे, प्रत्येकाचं नाव. नाना कपडे ड्रायरमध्ये टाकायला खाली आले की नकाशापुढे थांबून बोलायचे. "इथे डावीकडे मारायचं. सगळे उजवीकडे मारतात आणि फसतात." मंडळातलं एक जोडपं स्कॉटलंडला निघालं तेव्हा दिवाळीच्या कार्यक्रमात नानांनी त्यांना पाऊण तास मार्गदर्शन केलं: कुठल्या वळणावर वारा फिरतो, कुठल्या बंकरच्या भिंतीला गवताच्या विटा आहेत. नवरा टिपून घेत होता. घरी परत येताना गाडीत मी सहज विचारलं, "नाना, तुम्ही कधी गेला होतात?"

"कुठे?"

"स्कॉटलंडला."

उत्तर मागच्या सीटवरून काकूंनी दिलं. "लंडनला उतरलो होतो एकदा. विमान बदलायला. चार तास."

"आणि इथे? कॅनडात? नोव्हा स्कोशियात आहेत ना जुनी मैदानं?"

"सुट्टी मिळाली की आम्ही गावाला जायचो," नाना म्हणाले. "आईचं आजारपण, बहिणीचं लग्न, घराचं छप्पर. दर वेळी तिकीट त्याच दिशेचं. तिथे पुळण होती, गोल्फ नव्हतं. इथे गोल्फ आहे, पुळण नाही." मग त्यांनी जोड दिली, "वाचलंय मी सगळं." समुद्रकाठच्या गोल्फवर आमच्या गावातला शेवटचा शब्द ज्यांचा होता, त्यांनी समुद्रकाठी एक फटकाही मारला नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही. स्कॉटलंडहून आलेल्या त्या जोडप्याने पुढच्या महिन्यात सांगितलं की नानांची सगळी माहिती तंतोतंत खरी निघाली.

२००९ च्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा, अजयचा, एडमंटनहून फोन आला. नानांचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले होते, काकूंना जिना झेपत नव्हता. घर विकायचं आणि दोघांनी एडमंटनला यायचं, असं अजयने ठरवलं. फोन स्पीकरवर होता.

"तिथून समुद्र किती?" नानांनी विचारलं.

"बाबा, इट्स अल्बर्टा."

"ते झालं. किती?"

"आय डोन्ट नो. मध्ये रॉकीज आहेत. बट वी हॅव ग्रेट गोल्फ कोर्सेस, बाबा. ब्युटिफुल ट्रीज."

नानांनी फोन काकूंकडे दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गवत सोडून झाल्यावर ते खाली आले आणि माझ्या पलंगावर बसले, जे ते कधी करत नसत. "बेसमेंट, मला एकदा अठरा होल चालायचेत. समुद्रकाठी. जुन्या मैदानावर. कार्टमध्ये बसून नाही, चालत. हे गुडघे माझे आहेत तोवर. नवे आले की ते कुणाचे असतील, देव जाणे." मी तोपर्यंत बरी नोकरी करत होतो आणि माझी एक आठवड्याची सुट्टी शिल्लक होती. सप्टेंबरात आम्ही निघालो. काकूही निघाल्या. "तुम्हा दोघांना पोहे तरी कोण देणार?" एवढंच त्यांनी कारण सांगितलं आणि मागची सीट दशम्या, चटण्या आणि दोन थर्मास यांनी भरून टाकली.

क्वेबेक, न्यू ब्रन्सविक ओलांडत आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर पोचलो. नानांनी निवडलेला क्लब शंभर वर्षांहून जुना होता. त्यांनी मनात काय चित्र रंगवलं होतं हे त्यांच्या कपड्यांवरून कळत होतं: दुसऱ्या दिवशी सकाळी ते लोकरीचं जाकीट, सपाट टोपी आणि टाय घालून मोटेलच्या खोलीतून बाहेर आले. ऐतिहासिक क्लब म्हणजे पांढऱ्या रंगाचं एक लाकडी घर निघालं. दारात शीतपेयांचं मशीन होतं. काउंटरवर हाफपँट घातलेला सत्तरीचा माणूस सँडविच खात होता. त्याने नानांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "यू फोक्स गोइंग टू अ वेडिंग?"

"नो," नाना म्हणाले. "गोल्फ."

"सीनिअर्सना कार्ट फ्री आहे."

नाना ताठ झाले. "आय विल वॉक."

"मी घेते," काकू पुढे होऊन म्हणाल्या. त्यांच्याकडे चौऱ्याहत्तर सालापासून कॅनडाचं लायसन्स होतं आणि पार्किंग तिकीट एकही नव्हतं. साडी, त्यावर अजयचं जुनं हॉकीचं जाकीट, पायात स्नीकर्स आणि शेजारच्या सीटवर दशम्यांचा डबा, अशा थाटात काकूंनी ती बॅटरीची गाडी बाहेर काढली. काउंटरवाला सँडविच खाली ठेवून बघत राहिला. खरी ऐतिहासिक घटना बहुधा तीच होती.

पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीच्या फटक्याच्या जागी, उभं राहिलो तर समोर एकही झाड नव्हतं. हिरवा-पिवळा, सुरकुत्या पडलेल्या चादरीसारखा माळ, पलीकडे करडा समुद्र, आणि वारा असा की बोललेलं वाक्य निम्म्यातच चोरीला जायचं. नानांनी गवत उपटून सोडलं. ते थेट माझ्या डोळ्यात आलं. "पंधरा?" मी विचारलं. "आकड्यात नाही बसत," नाना म्हणाले. त्यांनी पहिला बॉल मारला. नेहमीसारखाच तो उजवीकडे वाकडा निघाला. मग वाऱ्याने तो धरला, परत आणला आणि मैदानाच्या बरोबर मधोमध नेऊन ठेवला. "बघितलंस?" नाना म्हणाले. "चाळीस वर्षं मी बरोबर मारत होतो. वाराच चुकीचा होता."

हा सिद्धांत चौथ्या होलपर्यंत टिकला. पाचव्याला नाना एका बंकरमध्ये गेले. त्याची भिंत त्यांच्या छातीपर्यंत होती आणि आतून फक्त टोपी दिसायची. फटक्याचा आवाज यायचा, वाळूचा फवारा उडायचा, वाऱ्याने ती सगळी वाळू नानांवरच परत यायची, आणि मग आतून आकडा ऐकू यायचा. "चार." फवारा. "पाच." काकूंनी कार्ट कडेला लावली आणि वाकून म्हटलं, "अहो, चहा निवतोय."

"सहा. ठेव झाकून."

"मेंढ्यांनी केलाय ना हा खड्डा? मग मेंढ्यांना जमतं तेवढं तरी करा. त्या बाहेर यायच्या."

"सात," खड्डा म्हणाला.

नऊ फटक्यांनी ते बाहेर आले. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, दातात वाळू होती आणि चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाच्या फोटोतही पाहिलेला नव्हता. त्यांनी कार्डावर आकडा लिहिला आणि कार्डाच्या मागचा बारीक छापील मजकूर वाचायला थांबले. मग मला बोट दाखवलं. तिथे लिहिलं होतं की या मैदानाला समुद्राच्या बाजूला हद्द नाही. किनारा खेळात धरलेला आहे. "याला म्हणतात मैदान," नाना म्हणाले. "भाऊबंदच नाहीत."

बाराव्यापर्यंत गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केली होती. चौदाव्याला नाना दर शंभर पावलांना थांबून समुद्राकडे बघण्याचं निमित्त करू लागले. काकू कार्ट त्यांच्या चालीने पाच फुटांवरून चालवत होत्या. पंधराव्याला त्या म्हणाल्या, "नुसतं बूड टेकून घ्या दोन मिनिटं. मी कुणाला सांगणार नाही." नाना म्हणाले, "मला कळेल ना पण." सोळावा त्यांनी क्लबचा काठीसारखा आधार घेत संपवला. दोन होल उरले होते. मी मनात देवाचं नाव घेत होतो, आणि मी ते सहसा घेत नाही.

सतराव्या होलवर नानांचा बॉल डावीकडे गेला आणि कड्यावर टप्पा खाऊन खाली किनाऱ्यावर नाहीसा झाला. "दुसरा घ्या नाना," मी म्हटलं. "वरून मारा." त्यांनी ते ऐकलंच नाही. उतरायला एक पायवाट होती. ते तिच्यावरून बसत, सरकत, माझा खांदा धरत खाली गेले. ओहोटी होती. ओली, घट्ट, करडी वाळू लांबवर पसरली होती आणि मधोमध पांढरा बॉल पडला होता, कुणीतरी ठेवल्यासारखा. नाना त्याच्यापाशी उभे राहिले. मग एका दगडावर बसले, बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची गुंडाळी करून बुटात घातली, पँट घोट्यावर दुमडली. टायही सोडला आणि खिशात ठेवला.

वर, आमच्या उजवीकडे, सतराव्याचा झेंडा फडफडत होता. नानांनी बॉल मारला तो सरळ किनाऱ्याने, पाण्याला समांतर. तो ओल्या वाळूवर घरंगळत खूप लांब गेला. नाना त्याच्यामागे चालू लागले.

"नाना, झेंडा वर आहे."

"माहितीये."

त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा पुढे. ते लंगडत नव्हते, किंवा लंगडत असतील तर त्यांना ते आठवत नव्हतं. झेंडा मागे पडला, मैदान मागे पडलं. एका फटक्याला ते थांबून म्हणाले, "इथून वळलं की खाडी लागते." तिथून वळल्यावर कोळंबी पकडणाऱ्या बोटींचा एक धक्का होता, नानांच्या गावची खाडी बारा हजार किलोमीटर दूर होती. कड्यावरून काकूंची कार्ट आमच्याबरोबर चालली होती आणि वाऱ्यातून तुकडे ऐकू येत होते, "अहो... मोजे... सर्दी..." मागून येणारे चार खेळाडू सतराव्यावर ताटकळून हात हलवत होते. अखेर काउंटरवाला माणूस दुसऱ्या कार्टमधून आला आणि पायवाटेने खाली उतरला.

"सर, द कोर्स इज दॅट वे."

नानांनी कार्ड काढून त्याला मागची बाजू दाखवली. माणसाने चष्मा शोधला, वाचलं, पुन्हा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच वाचत असावा. "या, ओके. बीच खेळात आहे. पण किती लांबपर्यंत?"

"कार्ड डझन्ट से," नाना म्हणाले.

त्या माणसाने विचार केला. तो भला माणूस होता. "नो, सर," तो म्हणाला, "इट डझन्ट." आणि तो वर जाऊन त्या चौघांना पुढे काढायला निघून गेला.

पुढचा फटका नानांनी मारला आणि बॉल लाटेत गेला. लाटेने तो परत आणून दिला. नाना घोटाभर पाण्यात उभे राहून वाट बघत होते. बॉल जिथे असेल तिथून मारायचा, आणि तो तर हलत होता. पुढच्या लाटेने तो नेला आणि आणलाच नाही. आम्ही खूप वेळ थांबलो. भरती लागली होती. काकूंनी वरून विचारलं, "झालं का?" नाना म्हणाले, "झालं." परतीची चढण मी त्यांना जवळजवळ उचलूनच पार करवली, आणि कार्टमध्ये ते स्वतःहून बसले. काकूंनी आपल्या पदराने त्यांचे पाय पुसले. त्यांच्या पंचेचाळीस वर्षांच्या संसारातला मी पाहिलेला हा एकच उघड प्रेमप्रसंग, आणि त्यातही काकू म्हणत होत्या, "वाळू किती आणलीत, गाडीत चटणीचा डबा उघडा आहे."

क्लबवर काउंटरवाल्याने कार्ड मागितलं. जुन्या पद्धतीप्रमाणे ते पाहुण्यांची कार्डं एका वहीत चिकटवून ठेवत. "सतरा आणि अठरा रिकामे आहेत," तो म्हणाला. "सहा-सहा टाका, सर. नोबडी चेक्स." नानांनी पेन घेतलं, कार्डाकडे पाहिलं आणि पेन परत दिलं. "इनकम्प्लीट," ते म्हणाले आणि कार्ड जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्या वहीत दंतवैद्यांसारख्या शेकडो लोकांची नावं असतील. नानांचं नाही.

नोव्हेंबरात घर विकलं गेलं. ट्रक भरताना नानांनी नकाशा मला दिला. एडमंटनमध्ये अजयच्या बेसमेंटमध्ये होम थिएटर होतं, भिंत शिल्लक नव्हती. "मनात दोन होल उरलेत," ते म्हणाले, जसं कुणी सांगतं की गॅस चालू राहिलाय. नवे गुडघे पुढच्या वर्षी बसले. फोनवर ते एडमंटनच्या वाऱ्याबद्दल तुच्छतेने बोलायचे. "कोरडा आहे रे. चवच नाही." पुन्हा किनाऱ्यावर जायची भाषा आम्ही दोघंही करायचो. मग माझं लग्न झालं, मग मुलगी झाली, आणि माझ्याही सुट्ट्यांची तिकिटं एकाच दिशेची निघू लागली.

एका फेब्रुवारीत फोन आला. "बेसमेंट, अठरा पूर्ण केले."

"कुठे? बाहेर उणे तीस असेल तुमच्याकडे."

"समुद्रकाठी," नाना म्हणाले. "चालत. सगळे फटके लिहिलेत. तुझी काकू साक्षीदार आहे."

मागून काकूंचा आवाज आला, "त्याला नीट सांगा, नाहीतर घाबरेल पोर." मग मला कळलं. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. हिवाळ्यात एडमंटनचे म्हातारे लोक मॉलमध्ये चालतात. तिथल्या एका मोठ्या मॉलमध्ये काचेच्या छताखाली एक समुद्र आहे: वाळूच्या रंगाचा काठ, प्लास्टिकचे माड, आणि ठरावीक वेळाने यंत्राने येणाऱ्या लाटा. त्याच मॉलमध्ये अठरा होलचं छोटं गोल्फ आहे, मुलांच्या वाढदिवसांसाठी. नाना नव्या गुडघ्यांवर ते पूर्ण खेळले होते. एकशे सात फटके. मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं. पण ते म्हणाले, "त्यात बॉल कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकपाशी गेला होता. तिथूनच मारला."

नाना २०१२ साली गेले, झोपेत, कुणालाही त्रास न देता. मी एडमंटनला गेलो. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "चल, तुला दाखवते. त्यांना आवडलं असतं." त्यांनी मला मॉलमध्ये नेलं, सराईतपणे, सरकत्या जिन्यांवरून आणि दुकानांच्या रांगांमधून. काचेच्या भिंतीपाशी आम्ही थांबलो. पलीकडे माड होते, वाळूच्या रंगाचा काठ होता. पाणी नव्हतं. निळ्या रंगाच्या रिकाम्या तळावर रबरी बूट घातलेला एक माणूस लांब दांड्याच्या ब्रशने समुद्र घासत होता. मग काकूंनी मला दारावरची पाटी वाचून दाखवली. मंगळवारी तो समुद्र साफसफाईसाठी बंद असतो.